संदुकीतले टाके

घर बदलायचे ठरले की आधी माळा रिकामा होतो. इंदूरमधल्या एका मराठी घरात असेच झाले. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनी आयुष्यभराचे हातकाम पलंगावर मांडले. दोसुतीवरचे टेबलक्लॉथ, क्रॉस-स्टिचचे मोर, क्रोशाचे रुमाल, आधी रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर घातलेली झाकणे, बाळंतविड्यातली कुंची आणि जुन्या लुगड्यांची गोधडी.

बोहारीण दारातच बसली होती. तिने ढीग चाळला.

"साड्या असतील तर काढा. या जाळ्यांना कोण विचारतं?" असे म्हणत तिने सगळ्याच्या बदल्यात स्टीलचे एक पातेले पुढे केले.

"आई, थांबा. एवढ्यात देऊ नका," सून म्हणाली.

"अगं, नव्या घरात ठेवणार कुठे? आणि सगळा रिकामपणचा उद्योग तो!"

खरेच रिकामपण होते का ते? दुपारची मागची आवराआवर झाल्यावर चहाची वेळ होईपर्यंत जो तास-दीड तास मिळे, त्यात हे काम चाले. साखळी, मुका खांब, खांब. एक खांब चुकला तर अख्खी ओळ उसवायची. मुलांचे कपडे घरीच शिवल्याने शिंप्याचे पैसे वाचत. लग्नात रुखवत मांडले की जाणत्या बायका कापड उलटून मागची बाजू बघत. गाठी आणि लोंबते दोरे दिसले, तर मुलीचे सुगरणपण तिथेच उघडे पडे.

हे केवळ मराठी घरांतच नाही. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने जोडून कांथा होतो. पंजाबची फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून भरतात. धारवाडकडच्या कसुतीत गाठ मारत नाहीत, तिचा गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

आणि या 'रिकामपणा'ची किंमत कशी ठरते, हे आंध्रातल्या नरसापूरने दाखवले आहे. गोदावरीकाठच्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळे क्रोशाची लेस आली आणि पुढे घराघरातून परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 साली या बायकांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या बायका जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांना 'घरी बसलेल्या गृहिणी' आणि कामाला फावला वेळ ठरवल्याने मजुरी अगदी तुटपुंजी राहिली. 2024 साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

सुनेने तीन वाटण्या केल्या. वापरायचे, द्यायचे, जपायचे. गोधडी वापरात आली. एक टेबलक्लॉथ लेकीकडे गेला, कुंची नातीसाठी राहिली.

जपायच्या कपड्यांची काळजी अशी घ्यावी. आधी ओले पांढरे फडके दोऱ्यावर दाबून रंग सुटतो का ते पाहावे. रंग पक्का असेल तरच सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवावे, पिळू नये, सावलीत आडवे पसरून वाळवावे. खळ घालून ठेवू नये, खळीला कसर लागते. प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या कपड्याला थेट लावू नयेत. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालावी, नाहीतर कापड घडीवरच विरते.

आणखी एक गोष्ट राहून जाते. एवढ्या कपड्यांत एकावरही करणारीचे नाव नव्हते. सुनेला ते खटकले. सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही. सुनेने ओवून दिला. रुखवतातल्या रुमालाच्या कोपऱ्यात सासूबाईंनी साध्या उलट टाक्याने आपले नाव घातले आणि खाली साल, 1971.

बोहारणीला दोन जुन्या साड्या मिळाल्या. पातेले घरात आले, ट्रंकही नव्या घरी गेली.