आरोळी कोणाच्या भाषेत?

भाषा मारायची असेल तर तिच्यावर बंदी घालायची गरज नसते. तिला मखरात बसवावे, सणावारी हार घालावा आणि रोजच्या व्यवहारातून हळूच बाहेर काढावे. काम फत्ते! आयर्लंडच्या आयरिश भाषेवर हीच पाळी आली. 1937 च्या राज्यघटनेने तिला राष्ट्रभाषा म्हटले, पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि इंग्रजीला दुसऱ्या पाटावर बसवले. पण 2022 च्या शिरगणतीचे आकडे पाहा. आपल्याला आयरिश येते असे सांगणारे 18,73,997. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे फक्त 71,968! शंभरात चारही नाहीत. बाकीच्यांची आयरिश कुठे आहे? शाळेच्या दप्तरात पडून आहे.

ती दप्तरातून जिभेवर कशी यायची? आमचे उत्तर सरळ आहे. ज्या घटकेला माणूस भान विसरून ओरडतो, त्या घटकेला ती त्याच्या कानावर पडली पाहिजे. आणि अशी घटका खेळाच्या मैदानाइतकी दुसरीकडे कुठे येते? म्हणूनच टेलिव्हिजनवर सामन्याचे धावते वर्णन आयरिशमधून व्हावे की नाही, हा प्रश्न करमणुकीचा नाही. भाषेच्या जगण्यामरण्याचा आहे.

ही भाषा आयरिश माणसाने हौसेने टाकली नाही. 1845 पासून बटाट्याचे पीक सडले आणि दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे खाल्ली. जवळजवळ तितकीच बोटीत बसून परदेशी गेली. सर्वांत जास्त होरपळला तो पश्चिमेकडचा गरीब शेतकरी, आणि आयरिश बोलणारा तोच होता. पोराच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवायची, तो आयरिश बोलला की तिच्यावर एक खाच पाडायची आणि खाचा मोजून छड्या द्यायच्या, असलीही शिक्षा तिथे होती. आईबापांनीही मन घट्ट केले. पोरगा अमेरिकेला गेला तर इंग्रजीच भाकर देईल, हे त्यांना दिसत होते. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे गिरणी कामगाराला कोणी शिकवायला नको. त्या आईबापांना आम्ही नावे ठेवणार नाही. नावे ठेवायची ती त्यांच्यावर ही पाळी आणणाऱ्या राज्यकर्त्यांना!

पुढे लोक सावरले. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावी गेलिक खेळांची संघटना उभी राहिली. हर्लिंग हा त्यातला मानाचा खेळ. बाजूला पंधरा-पंधरा गडी, प्रत्येकाच्या हातात ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी काठी. तिला म्हणतात ‘कमॉन’. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर ‘कूल’, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून गेला तर ‘कूलीन’, म्हणजे एक. खेळ आयरिश, काठी आयरिश, शब्दसुद्धा आयरिश. पण घराघरात त्याचे वर्णन पोचू लागले ते बहुतेक इंग्रजीतून! घर आपले आणि दाराशी स्वागताला परका, असा हा प्रकार.

या प्रकाराला ज्यांनी छेद दिला त्यांत मीहॉल ओ मुर्हर्टी हे नाव पहिले घ्यावे लागेल. केरी परगण्यातल्या डिंगलचा हा शेतकऱ्याचा मुलगा. 1949 साली, अठरा वर्षांचा असताना, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर तो चाचणीला उभा राहिला. प्रत्येकाला पाच मिनिटे. समोर हर्लिंगचा सामना, आणि पठ्ठ्याने हर्लिंग तोवर कधी पाहिलेही नव्हते! पण भाषा जिभेवर होती. त्याची निवड झाली आणि त्याच वर्षी 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, त्याने रेडिओवरून अख्ख्या सामन्याचे वर्णन आयरिशमधून केले. तिथून 2010 पर्यंत हा आवाज थांबला नाही. 2024 मध्ये तो गेला.

पण यातली मेख ध्यानात घ्या. कित्येक वर्षे त्याच्याकडे आयरिशमधून वर्णन करायला काय दिले होते? कुमारांचे सामने! थोरांचा अंतिम सामना आला की माईक इंग्रजीकडे. 1980 च्या दशकात थोरांच्या सामन्यांचे वर्णन त्याच्याकडे आले, तेव्हा तेही मुख्यतः इंग्रजीतूनच करायचे होते. म्हणजे मातृभाषा धाकट्या पंगतीला, पाहुणी थोरल्या पंगतीला. ‘आम्ही जागा दिली नाही असं कोण म्हणतो?’ असे साहेब लोक विचारतात. अहो, जागा दिली, पण ती चपला काढतात तिथे!

हक्क कोणी ताटात वाढून दिला नाही. 1970 च्या ईस्टरला कॉनमारातल्या तरुणांनी बिनपरवाना रेडिओ चालवून दाखवला, तेव्हा कुठे 2 एप्रिल 1972 रोजी सरकारी आयरिश रेडिओ सुरू झाला. टेलिव्हिजनसाठी तेच. आयरिश कार्यक्रम नाहीत म्हणून लोकांनी टेलिव्हिजनचा परवाना घ्यायचे नाकारले, दंड सोसले, तुरुंगही पाहिला. 1987 साली रॉस मक गावातून त्यांनी बिनपरवाना टेलिव्हिजनही दाखवला. अखेर 31 ऑक्टोबर 1996 रोजी आयरिश भाषेची वाहिनी सुरू झाली. 1999 पासून तिचे नाव टीजी फोर.

या वाहिनीने एक शहाणपण केले. तिने भाषेचे धडे दिले नाहीत, सामने दाखवले. हर्लिंग दाखवले, गेलिक फुटबॉल दाखवला, रग्बी दाखवली, आणि सगळ्यांचे वर्णन आयरिशमधून. रग्बीतल्या झुंबडीला ‘क्लिबर्त’ म्हटले, तिथल्या ट्रायला ‘ऊड’. बायकांच्या फुटबॉलला मोठे पडदे फारसे विचारत नव्हते. टीजी फोरने 2001 पासून त्यांची स्पर्धा हाती धरली. 2019 च्या अंतिम सामन्याला क्रोक पार्कवर 56,114 माणसे जमली! मागे ढकललेली भाषा आणि मागे ढकललेल्या बाया, दोघींनी एकमेकींचा हात धरून वर चढून दाखवले.

आता हुशार मंडळींचा आक्षेप. ‘कोणाला कळतंय ते आयरिश? कशाला हा खटाटोप?’ आम्ही विचारतो, सामना बघताना कळायचे काय असते? चेंडू डोळ्यांना दिसतो. गुण पडद्यावर लिहिलेले असतात. मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा येतात: मारला, अडवला, हुकला, गेला! डोळा कानाचे बोट धरून चालवतो. पुस्तक वर्षभर घोकून जे बसत नाही, ते दोन-चार सामन्यांत जिभेवर येते. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून क्रिकेट मराठीत सांगितले, तेव्हा चाळीतल्या माणसाला खेळ दूर गेला असे वाटले, की जवळ आला असे?

दुसरा आक्षेप जरा वजनाचा आहे. सामना संपल्यावर खेळाडूला विचारले तर तो पुष्कळदा इंग्रजीतच बोलतो. खरे आहे. पण याचा अर्थ वर्णन बंद करा असा होत नाही, ते वाढवा असा होतो. माग बंद ठेवला की गंजतो. तो चालवल्याशिवाय कापड कुठून येणार?

आणि भाषा येते, याची साक्ष त्याच क्रोक पार्कच्या पायऱ्यांवर आहे. कप घेताना कर्णधाराने दोन ठरीव वाक्ये आयरिशमध्ये म्हणायची आणि मग इंग्रजीत शिरायचे, हा तिथला रिवाज. 1980 साली गॉलवेने 57 वर्षांनी हर्लिंगचे अजिंक्यपद मिळवले आणि कर्णधार जो कॉनोली आयरिशमध्ये भरभरून बोलला. 2005 साली कॉर्कचा कर्णधार शॉन ओग ओ हॅल्पिन याने सबंध भाषण आयरिशमध्ये केले. आणि हा गडी जन्मला होता दूर फिजीत! भाषा रक्तातून येते म्हणणाऱ्यांनी हे कानाला खडा लावून ऐकावे. जो बोलेल त्याची भाषा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कुमारांचे सामने, क्लबांचे सामने, बायकांचे सामने आयरिशमधून होतात, त्याचा आनंद आहे. पण त्यावर समाधान नाही. थोरांच्या अंतिम सामन्याला अख्खा देश टेलिव्हिजनपुढे बसतो, त्या दिवशीही आयरिश वर्णन पडद्यावर बरोबरीने मिळाले पाहिजे. एकाच चित्राबरोबर दोन आवाज पाठवणे आजच्या यंत्रांना अवघड नाही. ज्याला इंग्रजी हवी त्याने ती ऐकावी, आमची ना नाही. पण आयरिश ऐकू पाहणाऱ्याला ‘तुझी पाळी कुमारांच्या सामन्याला’ असे कोणी सांगू नये.

कामगार बंधूंनो, भाषेला देव्हारा नको, मैदान हवे. शेवटच्या मिनिटाला चेंडू जाळ्यात जातो, हजारो माणसे एकदम उठतात, तेव्हा जी आरोळी उठते तीच जिवंत भाषा. ती आरोळी उसनी असता कामा नये!