पेढीचे ऋण

शिरढोण या आमच्या गावी 1845 साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव धारण करणाऱ्या पनवेलच्या नाट्यगृहात, मैफलीच्या अखेरीस एखादा गायक तंबोरा खाली ठेवण्यापूर्वी आपल्या पाठीशी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या स्थानिक पेढीचे नाव आदराने उच्चारतो, तेव्हा त्या आभारप्रदर्शनास केवळ उपचार समजणे मला अन्यायाचे वाटते. संस्थानिकांचा आश्रय हा कलावंताला एकेकाळी जहागिरीसारखा होता. तो मिरजेस लाभलेला असतानाही विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1896 मध्ये सोडला, 1901 साली लाहोरास लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय उभारले आणि 1908 मध्ये मुंबईस त्याचा विस्तार केला. परंतु इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना, आणि एवढ्या थोर पुरुषाची ती वास्तू अखेर सावकारांनी लिलावात काढली! लोकांची दाद अपार असूनही नियमित द्रव्यसाहाय्याचा आधार नसला म्हणजे काय घडते, याचा याहून विदारक दाखला मला ठाऊक नाही. म्हणूनच एकदाच मोठी देणगी देऊन फलकावर नाव कोरून घेणाऱ्या धनिकापेक्षा, मंदीच्या सालीही आपला ठरलेला हिस्सा बिनतक्रार पोहोचविणारा गावचा दुकानदार मला अधिक वंदनीय वाटतो. शिरढोणच्या व पनवेलच्या व्यापारी बंधूंनी आपल्या वार्षिक जमाखर्चात गावच्या भजनी मंडळासाठी आणि उगवत्या गायकासाठी एक कायमची बाब मांडावी, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.