उजवीकडून येणाऱ्यास प्रथम वाट

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे महिना-दोन महिने राहून येण्याचा योग आता पुष्कळ कुटुंबांना लाभतो. तेथे भाड्याने मोटार घ्यावी आणि स्वतः चालवीत हिंडावे, असा बेतही मग ओघानेच ठरतो. ‘वीस वर्षे गाडी चालवितो आहे, रस्ता म्हणजे अखेर रस्ताच,’ असे आपण म्हणतो. पण धोका दडलेला असतो तो या वीस वर्षांच्या सवयीतच. उदाहरणादाखल आज जर्मनी घेऊ.

प्रथम कागदपत्रे. आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वीच काढून घ्यावा. तो फार तर एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना जवळ असेल तरच त्याला अर्थ असतो. तेथे वास्तव्यासच जाणाऱ्याला मात्र सहा महिन्यांनंतर भारतीय परवान्यावर गाडी चालविता येत नाही.

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, हे आपणांस ठाऊक असतेच. पहिल्या दिवशी मन सावध असते, त्यामुळे चूक सहसा होत नाही. ती होते चौथ्या-पाचव्या दिवशी, पेट्रोल पंपावरून भल्या सकाळी निर्मनुष्य रस्त्यावर येताना. समोर एकही वाहन नसते आणि हात आपोआप गाडी डावीकडे नेतात. पायी रस्ता ओलांडतानाही प्रथम डावीकडे पाहावयाचे असते, हे घरातील वडील मंडळींना आवर्जून सांगावे.

याहून अवघड असतात ते पाटीवर न लिहिलेले नियम. वस्तीतील लहान चौकात दिवा नसेल, पाटीही नसेल, तर उजवीकडून येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावयाची. आपला रस्ता रुंद व त्याची गल्ली अरुंद असली तरीही! पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला, की अग्रक्रम आपल्या रस्त्याला आहे असे समजावे. गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली, की तेथून वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. पाटीवर तो आकडा मात्र नसतो. नाव समजले म्हणून आपण पुढे जातो आणि नियम तेथेच राहून जातो.

आउटोबान या महामार्गावर वेगाला बंधनच नाही, ही समजूतही अर्धवट आहे. अनेक टप्प्यांवर मर्यादा आहेत आणि जेथे नाहीत तेथेही ताशी १३० किलोमीटरचा वेग सुचविलेला आहे. उजवी मार्गिका मोकळी असेल तर तिच्यातूनच जावे; दुसऱ्याला उजवीकडून मागे टाकू नये. वाहतूक तुंबू लागताच सर्वांत डावीकडील मार्गिकेतील वाहनांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरून मधून वाट करावयाची असते. रुग्णवाहिकेचा आवाज येईपर्यंत थांबावयाचे नसते.

संकेतांची भाषाही निराळी आहे. आपल्याकडे दिव्यांची उघडझाप म्हणजे ‘थांबा, मी येतो आहे.’ तेथे चौकात थांबलेला चालक तीच खूण बहुधा ‘आपण पुढे व्हा’ या अर्थाने करतो. भोंगा गावात केवळ धोक्याची सूचना देण्यासाठीच वाजवावयाचा असतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या लहान गल्लीतून बाहेर पडणारा मनुष्य आपल्याकडे फारसे न पाहता पुढे येतो. तो बेफिकीर नसतो. आपण थांबणार, यावर त्याचा विश्वास असतो. आपली ओळख नसतानाही त्याने हा विश्वास टाकलेला असतो. म्हणून नियमाचे अज्ञान हा केवळ दंडाचा प्रश्न नव्हे. त्यात दुसऱ्याच्या जिवाची जोखीम आहे.

तेव्हा निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी तेथील नियम शांतपणे वाचा. पहिला दिवस तेथील जाणत्या चालकाच्या शेजारी बसून नुसते पाहा. पुढे स्वतः चालविताना प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असे म्हणण्याचे काम शेजारी बसणाऱ्याकडे सोपवा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आणि हो, चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी, ही तरतूद आपल्या देशाच्या १९८९ सालच्या रस्तानियमांतही होती. आपल्यापैकी कितीजणांनी ती वाचली होती? परदेशात लागलेली ही एक सवय परत येताना सामानाबरोबर घेऊन यावी. तिला वजन नाही आणि जकातही नाही.