चालीची प्रतीक्षा

१८२४ साली लंडन व एडिंबरा येथील बुद्धिबळ मंडळांनी टपालाने सामना आरंभला. तो १८२८ पर्यंत चालला व एडिंबराने जिंकला. चाल धाडल्यावर टपालाची वेळ होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नसे.

आज असे डाव ईमेलने खेळले जातात. उत्तराला दिवसांची मुदत असली तरी ते कोणत्याही क्षणी येऊ शकते. मोह येथेच आहे. धाराशिवच्या पेठेत गल्ल्यावर बसलेला तरुण ग्राहकासमोर वारंवार फोन उघडतो. चालीला पाच मिनिटे पुरतात, प्रतीक्षा मात्र सारा दिवस घेते. आणि ग्राहक न बोलता शेजारच्या दुकानी जातो.

टपालाप्रमाणे ईमेलचीही एकच वेळ ठरवावी: रोजमेळ लिहून झाल्यावर. आलेली चाल तोवर कोठेही जात नाही.