आरोग्य खात्याला तोंड आहे, कान कुठे आहेत?



आपण कपाशीवर फवारतो ते विष, पण त्याला म्हणतो ‘औषध’. दवाखान्यात मिळते तेही औषधच. पारनेरच्या मागच्या बैठकीत एका भावाने विचारले, “फवारताना माणूस भोवळ येऊन पडला, तर डॉक्टरला काय सांगायचं?” कोणालाच नीट सांगता आले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

२०१७ सालचे यवतमाळ आठवा. कपाशी डोक्याच्या वर गेली होती. एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशके कालवून, तोंडाला फडके न बांधता फवारे चालले होते. माणसे सरकारी रुग्णालयात येऊ लागली. कोणाला दिसेना, कोणाला श्वास घेता येईना. रुग्णालयात खाटा भरत होत्या आणि शिवारात त्याच मिश्रणाची फवारणी चालूच होती. डॉक्टरला जे वॉर्डात दिसत होते, ते बांधावर वेळेत पोहोचलेच नाही. सरकार खडबडून जागे झाले तोवर ऑक्टोबर उजाडला. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले, शेकडो माणसे दवाखान्यात पडली. त्यांत रोजाने फवारणारे मजूर बरेच होते.

मग साहेब लोक म्हणाले, शेतकरी निष्काळजी. मी स्वतः कृषीचा पदवीधर. दहा लिटर पाण्यात किती मिली, हे आम्ही पाठ करून सांगितले. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे किती गावांत सांगितले? मोनोक्रोटोफॉससारख्या विषावर अॅट्रोपिनचा उतारा आहे, काही विषांवर नेमका उताराच नाही. म्हणून रोग्याबरोबर बाटली न्यायची, हे किती जणांना सांगितले? हा दोष आमचाही आहे.

आता म्हणतात, मोबाईल आला, संदेश घरोघर जाईल. २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. सगळ्यांनी ती ऐकली. तिला उलटून प्रश्न मात्र कोणालाच विचारता आला नाही. हुकूम सोडणे म्हणजे संवाद नव्हे.

संवाद कसा असतो, हे पाहायला परदेशी जायला नको. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. आधी गावागावांत शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. गावातल्याच, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावाचे गाऱ्हाणे तिथे मांडायच्या. डॉक्टर ऐकायचे. पुढे २००५ मध्ये देशभर ‘आशा’ आली, पण तिच्या हाती रजिस्टरे दिली. गावाचा आवाज वर नेण्याचे काम मात्र कागदावरच राहिले.

म्हणून या बैठकीत तीन मागण्यांचा ठराव करावा. एक, फवारणीच्या हंगामाआधी ग्रामसभेत आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि कृषी खात्याचा माणूस एकाच व्यासपीठावर बसावा आणि आपल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. दोन, विषबाधेचा रोगी केंद्रात आला की दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांच्या फलकांवर त्या कीटकनाशकाचे नाव लागावे. रोग्याचे नाव नको. तीन, आशाताईंनी गावाचे प्रश्न लिहून वर न्यावेत, पुढच्या ग्रामसभेत लेखी उत्तर आणावे, आणि या कामाचे त्यांना वेगळे दाम मिळावे. फुकटची राबणूक काय असते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

ठराव मंजूर होईपर्यंत एवढे तरी करा. फवारणाऱ्या मजुराला आधी त्रिकोण दाखवा, बाटली फेकू नका, आणि भोवळ आली तर घरी झोपवून ठेवू नका. बाटलीसकट दवाखाना गाठा.