नवी यंत्रं नकोत, मैदानाची किल्ली द्या

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, बुलढाणा,
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
आणि जिल्ह्यातील सर्व नगरपरिषदांचे मुख्याधिकारी



जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा तयार होऊ लागला की गावोगावहून ओपन जिमच्या मागण्यांचे ठराव आपल्या टेबलावर येतात. यंदाही येतील. माझी विनंती एवढीच, की एक वर्ष नवं यंत्र एकही घेऊ नका. तो पैसा शाळांची मैदानं सकाळ-संध्याकाळ उघडण्यावर, तिथल्या उजेडावर आणि आधी बसवलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीवर खर्च करा. माझी सगळी नोकरी क्रीडाशिक्षक म्हणून याच जिल्ह्यात झाली, काही वर्षं घाटावर आणि बरीचशी घाटाखाली. आता निवृत्त आहे, पण पोरं अजून विचारायला येतात, "सर, जिम लावू का?" त्यांना काय उत्तर द्यायचं हे पुष्कळसं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात जिमवाले महिन्याला सातशे-आठशे रुपये घेतात. पुण्या-मुंबईच्या मानाने हे स्वस्तच आहे, आणि जिम चालवणारा बहुतेक वेळा कर्ज काढून यंत्रं आणलेला गावचाच पोरगा असतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण आठशे रुपये महिना म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे एका पोराच्या व्यायामासाठी घरचं पावणेदोन क्विंटलहून जास्त सोयाबीन गेलं, तेही हमीभाव मिळाला तर. मोंढ्यात काय भाव मिळतो ते आपण सगळेच जाणतो. त्यात "वर्षाची एकदम भरली तर दोन महिने फ्री" म्हटलं की पोरं उसनवारी करून भरतात. सोंगणीच्या दिवसांत महिनाभर जाणं होत नाही, परीक्षेच्या दिवसांत होत नाही, आणि भरलेली फी परत मिळत नाही. पावती तर बहुतेकांना मिळालेलीच नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. महिन्या-महिन्याने भरा आणि पावती मागा, हेही सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्राने जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. शहरातल्या मोठ्या जिमच्या सभासदांना त्याचा उपयोग झाला असेल. पण ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही, आणि आमच्याकडच्या बहुतेक जिम त्याच आकाराच्या. त्यांनी कर कधी लावलाच नव्हता, तर कमी कुठून होणार? दिल्लीची सवलत मेहकरच्या किंवा नांदुऱ्याच्या पोरापर्यंत पोचायला वाटच नाही. त्याचा खर्च कमी करणं जिल्ह्यालाच शक्य आहे.

आता भरतीच्या पोरांकडे बघा. पोलीस भरतीचं ग्राउंड ५० गुणांचं असतं. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना, गोळाफेक १५ गुणांना. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. यातलं एकही काम जिमच्या खोलीत होत नाही. त्याला मोजून आखलेला ट्रॅक लागतो, गोळ्याचं वर्तुळ लागतं आणि मुलांसाठी ७.२६० किलोचा, मुलींसाठी ४ किलोचा गोळा लागतो. अग्निवीरच्या भरतीला १.६ किलोमीटर धावणं आणि बीम, म्हणजे पुल-अप, असतात, दहा बीम मारले तर पूर्ण गुण. हे सगळं एका बऱ्या शाळेच्या मैदानात बसतं. पण मैदानाला कुलूप असतं, म्हणून पोरं हायवेवर पळतात. पहाटे साडेचार-पाचला मलकापूर, नांदुरा, खामगावच्या बाजूने राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गाडीने जा. पांढऱ्या पट्ट्याच्या आतून मोबाइलच्या उजेडात रांगेने पळणारी पोरं दिसतील, आणि त्यांना घासून जाणारे ट्रकही. घाटावर राजूर घाटाच्या चढाला पळणारेही आहेत. चढाचा सराव चांगलाच असतो, पण वळणावर समोरून येणाऱ्या गाडीला ते दिसत नाहीत. घाटाखाली तर पहाटेवाचून इलाजच नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की सकाळी आठनंतर पळणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

आता आधी बसवलेल्या यंत्रांचं. एका गावातलं ओपन जिम मी रोज पाहतो, गावाचं नाव सांगत नाही. सहा यंत्रं आहेत, आणि दर्शनी बाजूला मान्यवरांच्या नावांचा फलक अजून चकचकीत आहे. उभं राहून चालायच्या यंत्राचं डावं पायडल बेअरिंगमधून निखळलंय, कोणीतरी ते तारेने बांधून ठेवलंय. बसून ढकलायच्या यंत्राची सीट गेली, खाली चार बोल्टांचा उघडा पत्रा उरलाय, त्याची कड हाताला कापते. कंबर फिरवायची चकती गंजून घट्ट बसली आहे. पायाचं काँक्रीट पावसाने उघडं पडल्यामुळे एक यंत्र जोर लावला की डुलतं. लहान मुलं त्यावर झोका खेळतात, त्याची मला जास्त धास्ती वाटते. दुरुस्ती काय आहे? दोन बेअरिंग, थोडं ग्रीस, वेल्डरची अर्ध्या दिवसाची मजुरी. पण यंत्र आलं एका योजनेतून, जागा दुसऱ्याची, आणि देखभालीचा पैसा कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही. वर्षभराची वॉरंटी संपली की ते यंत्र पोरकं होतं. यापुढे देखभालीची तरतूद आणि जबाबदार माणसाचं पद लिहिल्याशिवाय कोणत्याही यंत्राच्या खरेदीला मंजुरी देऊ नये, एवढा एक नियम जिल्ह्यापुरता केला तरी पुष्कळ वाचेल.

आणि धड असतानाही ही यंत्रं तरुणांच्या कामाची फारशी नसतात. म्हाताऱ्या माणसांना सांधे मोकळे करायला ती चांगली, हे मी मानतो. पण ताकद वाढवायची तर भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो, आणि या यंत्रांवर आपल्याच अंगाचा तेवढाच भार कायम राहतो. वीस वर्षांचा पोरगा महिन्याभरात त्यांच्या पुढे जातो, मग कंटाळून जिमची फी भरतो. सरकारचा पैसा लोखंडात गेला, घरचा पैसा फीमध्ये गेला, व्यायाम एकाचाच.

त्याला खरं काय लागतं ते कोणत्याही गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होतं. दीड इंची जी.आय. पाइपचे तीन वेगवेगळ्या उंचीचे बीम, एक डबल बार, चढायला जाड दोर, लांब उडीचा वाळूचा खड्डा. पाच, दहा, वीस किलो वाळू भरून शिवलेल्या गोण्या, म्हणजे खांद्यावर घेऊन बैठका मारता येतात. ज्याला एकही बीम येत नाही त्याने आधी नुसतं लोंबकळायचं, मग उडी मारून वर जाऊन सावकाश खाली यायचं. जोर जमायला लागले की पाय पायरीवर ठेवून मारायचे, मग हनुमान दंड. महिन्यातून एकदा चुन्याच्या फक्कीने २०० मीटरचा ट्रॅक आखायचा, आठ राउंड झाले की १६०० मीटर. एवढ्यावर मी पोरं भरतीत गेलेली पाहिली आहेत. यातलं काही बिघडत नाही, बिघडलं तर गावात दुरुस्त होतं.

ही पद्धत आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेली नाही. आपल्याच विभागाच्या ठिकाणी, अमरावतीला, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. पुढे त्याचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. तेव्हा हातात काय होतं? माती, मल्लखांब, लेझीम, मुद्गल. मल्लखांबाला एरंडेल, हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद. वऱ्हाडात गावोगाव ज्या तालमी निघाल्या त्या वर्गणीतून आणि श्रमदानातून निघाल्या, आणि तिथे फीऐवजी वस्तादाचा धाक होता. आज कित्येक तालमींचं नाव फक्त गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर उरलं आहे. जिल्ह्यात किती तालमींचा हौदा अजून खणला जातो, याची एक साधी यादी क्रीडा कार्यालयाने करावी. जिथे माती शिल्लक आहे तिथे छपराचे पत्रे बदलायला मदत केली तरी नव्या इमारतीची गरज उरणार नाही.

शाळेच्या मैदानाचं कुलूप का निघत नाही, हेही स्पष्ट लिहितो, कारण दोष मुख्याध्यापकांवर टाकून सुटका करून घेणं मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवं असं ठरवलं आहे, आणि जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांना ते आहेही. पण खिडकीची काच फुटली, नळाची तोटी गेली, सकाळी व्हरांड्यात दारूच्या बाटल्या सापडल्या, तर खुलासा मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. त्याने कुलूप लावलं तर त्याचं चुकलं कुठे? म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढावा. पहाटे ५ ते ७ आणि संध्याकाळी शाळा सुटल्यापासून ८ पर्यंत मैदान खुलं. किल्ली शाळा व्यवस्थापन समितीने नेमलेल्या माणसाकडे, येणाऱ्यांची नावं वहीत, आणि त्या वेळेतल्या नुकसानीची जबाबदारी मुख्याध्यापकावर नाही. वर्गांच्या बाजूला जाळी आणि मैदानाला वेगळं फाटक करून घेतलं की अर्धी भांडणं मिटतील. किल्ली सांभाळणाऱ्याला थोडं मानधन द्यावं, फुकटची जबाबदारी चार महिन्यांत सुटते.

तालुका क्रीडा संकुलांसाठीच्या अनुदानाची मर्यादा राज्य सरकारने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. चांगलंच झालं. पण संकुल तालुक्याच्या गावी असतं. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी मुलगी पहाटे एसटीने तिथे जाऊन व्यायाम करेल आणि परत येऊन कॉलेजला जाईल, असं होत नाही. तिच्या गावची शाळा तिला पायी गाठता येते.

बायकांचा प्रश्न मला सर्वांत आधी सुटायला हवा असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत सुमारे ४२ टक्के आणि बायकांत सुमारे ५७. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं पुरे, असं तीच संघटना सांगते. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आरोग्य उपकेंद्रात तिशी ओलांडलेल्या बाईची बीपी-शुगर तपासतात आणि "रोज चालत जा" म्हणून सांगतात. कुठे चालत जाऊ, हे तिला कोणी सांगत नाही. उजाडायच्या आत ती डांबरी रस्त्याच्या कडेने पदर आवळून चालते आणि पोरांची वर्दळ सुरू व्हायच्या आत घरी येते. कुत्री मागे लागतात ती वेगळीच. निदान संध्याकाळचा एक तास मैदान फक्त बायका-मुलींसाठी ठेवा. तिथे उजेडाचे चार दिवे आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह असू द्या. त्या तासाची किल्ली गावातल्या बचत गटाकडे द्या, त्या बायका वेळ आणि शिस्त दोन्ही सांभाळतील. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला-बालकल्याणावर खर्च करावा लागतो, दिव्यांचा खर्च त्यात बसवता येतो का ते गटविकास अधिकाऱ्यांनी पाहावं.

बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या कंपाउंड संघातही तो होता. जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. मी मात्र हे पत्र ज्यांचं कधी पोस्टर लागणार नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हजारो माणसं तिच्यासोबत चालतात, त्यात पन्नाशीच्या बायका आणि साठी ओलांडलेले शेतकरीही असतात. चालायची तयारी या लोकांत आहे. त्यांना वर्षभर चालायला सुरक्षित जागा हवी आहे.

एकदम सगळ्या जिल्ह्यात करा असं म्हणत नाही. तेराही तालुक्यांत एकेक शाळा निवडा, सहा महिने चालवून बघा, मग नियोजन समितीपुढे हिशेब ठेवा. किती लोक आले, वीजबिल किती आलं, काय मोडलं. मैदान आखायला, बीमची उंची ठरवून द्यायला आणि पहिल्या पंधरवड्यात पोरांना नीट पळायला शिकवायला मी येईन. माझ्यासारखे निवृत्त क्रीडाशिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, बोलावलं तर तेही येतील. मानधन नको, फक्त आदेशाची एक प्रत आणि सुरुवात कोणत्या शाळेपासून करायची ते कळवावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, बुलढाणा जिल्हा