जुनी पिकअप आणि न पोचलेलं पत्र

जुनी पिकअप बघायला जाणं म्हणजे आमच्या खानदेशात स्थळ बघायला जाण्यासारखंच असतं. चार जाणती माणसं बरोबर घ्यायची. चहा होतो, घराण्याची (म्हणजे आधीच्या मालकाची) चौकशी होते, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे मिस्त्रीच्या चेहऱ्यावर. मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइलचं झाकण काढून धूर बघतो, हौद्याखाली वाकून पाटे बघतो, एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "घ्यायला हरकत नाही." झालं! चार-पाच लाखांचा सौदा तिथंच पक्का.

मिस्त्री लोकांबद्दल मला प्रचंड आदर आहे, हे आधीच सांगतो. पण या सगळ्या कार्यक्रमात एक गोष्ट कोणीच बघत नाही, आणि बघायची म्हटली तरी ती मिस्त्रीला दिसणार नाही. ती म्हणजे गाडीचा रिकॉल. हा शब्द आपल्याकडे शोरूममधून नवी कार घेणाऱ्यांच्या गप्पांत येतो, सेकंडहँड पिकअपच्या सौद्यात मात्र येत नाही. खरं तर तिथंच तो सगळ्यात जास्त यायला हवा. आजचा लेख त्यावरच.

आधी रिकॉल म्हणजे काय ते आपल्या भाषेत. सॉफ्टवेअर रिलीज झालं, हजारो लोक वापरायला लागले, आणि मग कंपनीला कळलं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या बिल्डमध्ये बग आहे. कंपनी पॅच काढते. गाड्यांचंही तसंच. अमुक महिन्यांत बनलेल्या गाड्यांमध्ये एखादा भाग सदोष असल्याची शंका आली की कंपनी त्या गाड्या परत बोलावते, तपासते, भाग फुकट बदलून देते. फरक इतकाच की आपला पॅच रात्री आपोआप उतरतो. गाडीचा पॅच बसवायला गाडीला स्वतः वर्कशॉपमध्ये जावं लागतं, आणि त्यासाठी मालकाला आधी ते कळावं लागतं.

आता काही खरी उदाहरणं बघा, तीसुद्धा मालवाहू गाड्यांचीच. २०२१ साली महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप तपासायला बोलावल्या. कारण? एक फ्लुइड पाइप नीट जोडला गेला नसल्याची शंका. मारुतीच्या सुपर कॅरीचे २०१८ मध्येच दोन रिकॉल झाले. आधी ६४० गाड्या फ्युएल पंपासाठी, मग ५,९०० गाड्या फ्युएल फिल्टरसाठी. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच गाडीच्या ५,००२ नगांसाठी पुन्हा एक. यात ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बेल्टचं बक्कल ज्या ब्रॅकेटला असतं, त्याचा बोल्ट पुरेसा आवळला गेला नसण्याची शक्यता होती.

हा शेवटचा बोल्ट मला फार महत्त्वाचा वाटतो. तो आवाज करत नाही, धूर सोडत नाही, ॲव्हरेज कमी करत नाही. चक्कर मारून आल्यावर कितीही तयार कानाचा मिस्त्री असला तरी त्याला तो 'ऐकू' येणार नाही. तो फक्त एकदाच बोलतो, आणि तेव्हा शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं.

म्हणजे जुनी गाडी तपासताना प्रत्यक्षात दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, ही गाडी आधीच्या मालकाने कशी वापरली? दुसरा, ही गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली? पहिल्याचं उत्तर मिस्त्री देतो, आणि आमच्याकडचे मिस्त्री ते फार छान देतात. खानदेशात पिकअप म्हणजे केळीचे घड, कापसाच्या गाठोड्या, सिमेंट, पाइप आणि लग्नसराईत (नियम काहीही असोत) अख्खं वऱ्हाड! त्यामुळे ओव्हरलोडचा इतिहास गाडीच्या अंगावर लिहिलेला असतो. जादा पाटे घातलेत का, चासीला कुठे वेल्डिंगचा जोड आहे का, डिफ्रेंशियल गुणगुणतं का, टायर एका बाजूने खाल्लेत का. मीटरचा आकडा कमी असेल आणि क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत झालं असेल, तर खरं कोण बोलतंय ते कळतंच. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या अंगावर नसतं. ते कंपनीच्या यादीत असतं, आणि त्या यादीची किल्ली म्हणजे चासी नंबर. सतरा अक्षर-अंकांचा तो नंबर म्हणजे, आपल्या भाषेत, प्रायमरी की.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. तो मेहरूणला राहतो (हो, बोरांचं आणि तलावाचं मेहरूण). ठिबकच्या नळ्यांची बंडलं आणि टिश्यूकल्चरची केळीची रोपं शेतावर पोचवायचा त्याचा धंदा आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने एक २०२१ची पिकअप बघितली. एजंट म्हणाला, "गाडी एक नंबर शे भाऊ!" अजिंठा चौफुलीकडचे आमचे नेहमीचे चाचा येऊन बघून गेले. पाटे एकदा उतरवलेत, बाकी इंजिन ठणठणीत, असा त्यांचा निकाल. मी पुण्याहून फोनवर फक्त एवढंच म्हटलं की आरसीचा फोटो पाठव आणि गाडी एकदा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन चासी नंबर टाकायला सांग.

"दादा, तिथं नेली की उगाच बिल लावतात रे," तो म्हणाला.

"नुसता नंबर टाकायला काय बिल लावतील? विचार तर."

कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि एक काम 'बाकी' निघालं. त्या काळातल्या गाड्यांना बदलायचा एक छोटा भाग या गाडीला बदललेलाच नव्हता. दीड तासात बदलून मिळाला, पैसे शून्य. मला जास्त लक्षात राहिलं ते काउंटरवरच्या मुलाचं उत्तर. तो म्हणाला, मेसेज गेले होते की! गेले होते, पण पहिल्या मालकाला. त्या मालकाने गाडी विकून टाकलेली. मधे आणखी एक मालक होऊन गेला. त्याचा नंबर कंपनीकडे असायचं काही कारणच नव्हतं, कारण तो सर्व्हिसिंग बाहेरच करायचा.

कंपनीची यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. त्यांनी त्यांच्याकडच्या पत्त्यावर कळवलं. पहिला मालकही चुकला नाही. गाडी विकल्यावर आलेला मेसेज आपणही पुसूनच टाकला असता. एजंटला माहीत नव्हतं, चाचांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि तरी गाडी सदोष भागासकट हायवेवर धावत राहिली. ज्यांनी मोठ्या सिस्टिममध्ये काम केलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पॅच तयार आहे, रिलीज नोट निघाली आहे, पण प्रॉडक्शनच्या मशीनवर डिप्लॉय झालेलाच नाही आणि कोणाच्याही स्क्रीनवर लाल दिवा लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो? आपल्याकडे रिकॉलची सुरुवात झाली ती ऐच्छिक. 'सियाम' या वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये तशी आचारसंहिता आणली. मग २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात ११०-अ हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं, आणि कंपनीला स्वतःला दोष कळला तर तिने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. चांगलं पाऊल आहे, वादच नाही. पण त्यात सक्तीच्या रिकॉलसाठी एक अट आहे: गाडीचं वय सात वर्षांपेक्षा कमी हवं. कारवाल्याला सात वर्षं पुरेशी वाटतील. आमच्याकडे पिकअप सात वर्षांची होते तेव्हा तिचा निम्मा जन्म बाकी असतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातो. ज्याला नवी गाडी परवडत नाही, नेमकं त्याच्याकडे गाडी येते तेव्हा संरक्षण संपत आलेलं असतं.

बाहेरच्या देशांत सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा १९६६ पासून आहे, पण रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला डीलरला केंद्रीय कायद्याने आजही बंदी नाही. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे फोर्डच्या २००६ सालच्या रेंजर पिकअपमध्ये दोन माणसं गेली. तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये फोर्डला सुमारे २,९०० मालकांना "गाडी चालवूच नका" असं सांगावं लागलं, आणि पुढच्याच महिन्यात आणखी ३३ हजारांवर गाड्या त्या यादीत आल्या. गाड्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या बरं का! पण तिथं एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०१४ पासून कोणीही सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बाकी रिकॉल फुकट बघू शकतो, मालक असो वा नसो. ब्रिटनमध्ये तर गाडीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास ऑनलाइन बघतानाच रिकॉल बाकी असेल तर तिथंच दिसतं.

आपल्याकडे हे करणं खरं तर जास्त सोपं आहे, आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे. खाजगी कार एकदा नोंदली की पंधरा वर्षं आरटीओचं तोंड बघत नाही. पिकअपचं तसं नाही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. शिवाय प्रत्येक विक्रीला फॉर्म २९, फॉर्म ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५. यातल्या प्रत्येक वेळी चासी नंबर सरकारच्या समोर असतो. कित्येकदा तर चासीवर कागद धरून पेन्सिलने त्याची छापसुद्धा घेतात! म्हणजे एका टेबलात नंबर, दुसऱ्या टेबलात कंपनीची रिकॉलची यादी. दोन्हींत कॉलम तोच. आपल्याकडे नवीन लागलेला फ्रेशरही ही जॉइन क्वेरी दुपारच्या जेवणाआधी लिहून देईल.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. गाडी नावावर करताना आणि फिटनेसच्या वेळी 'रिकॉल बाकी आहे / नाही' एवढा एक रकाना असावा. २०२२च्या शेवटी केंद्राने जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी नियम केले, ते एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. डीलरने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर करायची, असं त्यात आहे. मग त्याच नोंदीत हा रकाना का नको? विक्री अडवू नका, फक्त घेणाऱ्याला कळू द्या. आणि सात वर्षांची अट निदान मालवाहू गाड्यांसाठी तरी वाढवा.

यावर काही जण म्हणतील, अशाने कंपन्यांची बदनामी होते, मग त्या रिकॉल करायलाच घाबरतील. मला उलट वाटतं. बग ट्रॅकरमध्ये एकही बग नसलेलं प्रॉडक्ट पाहिलं की आपण त्या टीमकडे आदराने बघतो की संशयाने? ज्या कंपनीने स्वतःहून पाच हजार गाड्यांचा एक बोल्ट तपासायला घेतला, तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. दुसरा आक्षेप असा की गावाकडे हे बघणार कोण? अहो, गावाकडचा माणूस ई-चलन बघतो, पीक विम्याचं स्टेटस बघतो, बाजारभाव बघतो. त्याला त्याच्या गाडीबद्दल कोणी सांगितलं तर तो बघेलच. आजवर कोणी सांगितलं नाही, हा त्याचा दोष नाही.

तो रकाना येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या घरी, गावी कोणी जुनी पिकअप (किंवा कारही) घेत असेल तर एवढं करा. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर मालक कितवा, फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा बघा. चलनं वेगळी बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. त्या नंबरात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की शून्य समजा. मग तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये टाकून दोनच प्रश्न विचारा: रिकॉलचं काही काम बाकी आहे का, आणि सर्व्हिसची नोंद कुठपर्यंत आहे? बाकी निघालं तर घाबरू नका, सौदाही मोडू नका. काम करून घ्या, मग पैसे द्या. आणि नावावर झाल्यावर तुमचा मोबाइल नंबर कंपनीकडे आवर्जून नोंदवा, म्हणजे पुढचा मेसेज तरी योग्य माणसाला येईल.

हे सगळं गावाकडच्या माणसाने एकट्याने करावं अशी अपेक्षा नको. आपण दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी माणसं. भाऊ, काका, मामा गाडी घेतायत असं कळल्यावर "अभिनंदन, पेढे कधी?" विचारायच्या आधी "चासी नंबर पाठव" म्हणायला आपल्याला दहा मिनिटं लागतात. त्या गाडीत शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे, ते बहुतेक वेळा आपल्याला नावानिशी माहीत असतं.

असो. बघा पटतंय का.